चैत्रातल्या माहेरवाशिणी

रंगनाथनानांनी मला पहिल्यांदा हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हा मी पाच खण घेऊन गेले होते आणि पाचही तसेच परत आणले.

हळदीकुंकवाचं बोलावणं पुरुषाने करावं हेच मुळात चमत्कारिक. पण आम्ही ओझरजवळ नुकतेच राहायला आलो होतो, गावची माहिती नव्हती, आणि नाना आमचे दूधवाले. मी रोज सकाळी किटली घेऊन त्यांच्या गोठ्यावर जायची. एक दिवस किटलीत दूध ओतता ओतता ते म्हणाले, "बाई, उद्या दुपारच्याला हळदीकुंकवाला या. पोरी आल्यात माहेरी. पाच जणी."

तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे मी जाईन तिथे 'बाई'च असते. नानांना एकच मुलगा, तो कारखान्यात जातो, एवढं मला ठाऊक होतं. पाच मुलींचा हिशेब कुठे लागेना. म्हटलं, असतील पुतण्या-भाच्या. माहेरवाशिणींकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाजारात जाऊन पाच खण आणले, तेही रंग निवडून.

दुसऱ्या दिवशी गेले तर गोठा सारवलेला, दाराला आंब्याचं तोरण, गल्लीतल्या बायका पन्हं पीत बसलेल्या. आणि पोरी ओळीने उभ्या राहून रवंथ करत होत्या.

"ही सुंदरा, थोरली. निफाडला दिलीय," नाना ओळख करून देत होते. "ही यमी, पिंपळगावला. ह्या दोघी सख्ख्या बहिणी, दिंडोरीला एकाच घरात दिल्यात. आन् ही तांबडी, चांदणी. मनमाडकडं दिलीय. लांब पडतं, पन घर चांगलं हाय."

मी खणांची पिशवी पदराखाली सरकवली. नानांच्या बायकोने, हौसाताईंनी, ती बघितली. माझ्या वाटीत आंब्याची डाळ त्यांनी दोनदा वाढली. मग त्यांनी प्रत्येक गाईला हळदकुंकू लावलं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. गाईंना पदर नसल्यामुळे ओटी टोपलीत भरली जाते आणि भरता भरताच संपते, एवढाच काय तो फरक.

तर अशी ही रीत. नानांकडे पाच-सहा गाई, आठ-दहा शेळ्या, पाऊण एकरात घास आणि मका. गाय व्यायली, कालवड झाली, मोठी झाली की विकायची, हे सगळेच करतात. पण नानांसमोर 'विकली' म्हणायची सोय नाही. "दिली हाय, इकली नाय," असं ते लगेच दुरुस्त करतात. आणि दिलेल्या पोरीला चैत्रात गौर बसली की आठ दिवस माहेरी पाठवायचं, ही पहिली अट. टेम्पो नाना स्वतः धाडतात. अट कबूल नसेल तर चहा घ्या आणि निघा.

गिऱ्हाईक आलं की दाखवण्याचा कार्यक्रम होतो, फक्त उलटा. कालवड बाजूला निवांत उभी असते आणि प्रश्न गिऱ्हाइकाला.

"दावणीला किती हायेत तुमच्याकडं?"

"तीन गाई आहेत, नाना."

"म्हणजी दोन नणंदा आन् एक सासू. सासू मारकी हाय का?"

"थोडीशी. म्हातारी झाली आता."

"मग नाय जमायचं. आमची पोर गरीब हाय."

एकदा तर माझ्यादेखत एका तरण्या शेतकऱ्याला त्यांनी सांगितलं, "तुम्ही बोलू नका. उद्या घरातल्या बाईला घेऊन या. तिनं गोठ्यात तासभर बसायचं. पोरीनं तिचा हात चाटला तर बघू." दुसऱ्या दिवशी ती सून खरंच आली, तासभर बसली, कालवडीने तिचा हात सोडून ओढणीचं टोक खाल्लं. नाना म्हणाले, "जमलं."

व्यवहार झाला की गिऱ्हाईक पंचविशीचं असलं तरी त्याला 'व्याही' म्हणायचं. जनावर दिलं तरी दावं द्यायचं नाही, ही रीत आमच्याकडे सगळेच पाळतात. गोठ्याचं दैव त्या दोरीबरोबर जातं म्हणे. बाकीचे लोक ते दावं दुसऱ्या जनावराला वापरतात. नाना ते खिळ्याला टांगून ठेवतात. गोठ्याच्या भिंतीवर ओळीने खिळे आहेत, एकेका पोरीचा एकेक. चैत्रात ती आली की तिचं तिलाच बांधायचं.

गावात नानांबद्दल तीन मतं होती. एक, डोकं फिरलंय. दोन, हुशार आहे, आपल्या वाणाचं काय होतंय ते दरवर्षी फुकट तपासून घेतो. तीन, पहिलं मतच बरोबर आहे. जनावरांचे डॉक्टर तर चैत्र जवळ आला की चिडचिड करायचे. चार गावच्या गाई एका ठिकाणी आणल्या तर रोगराई पसरेल, जागा बदलली की दूध आटतं, असं ते दरवर्षी समजावून सांगत. नाना सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "डॉक्टर, तुमची मंडळी माहेरी जाते का नाय? मग तुमचं दूध आटतं का?" शेवटी डॉक्टरांनीच नमतं घेतलं. तपासणी करून, टोचून मगच आणा, एवढ्यावर त्यांनी तडजोड केली.

गुरांमध्ये लम्पीची साथ आली त्या वर्षी मात्र डॉक्टरांनी हात जोडले आणि नानांनी ऐकलं. पण मग व्हिडिओ कॉल. मोबाईल धरायला मी, कारण मी शिकलेली. पलीकडे मनमाडहून अंबादास, म्हणजे चांदणीचा व्याही, फोन तिच्या तोंडासमोर धरून उभा. इकडून नाना ओरडताहेत, "चांदणे, अगं हिकडं बघ!" चांदणीने बघितलं नाही. तिने फोन चाटला. पडद्यावर नुसती खरखरीत जीभ दिसत होती आणि नाना डोळे पुसत होते. मी तेव्हा हसले. आता वाटतं, हसायला नको होतं.

मला मुळात चौकशीची खोड. शाळेत मुलांना सांगायचे, उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवल्याशिवाय गुण नाहीत. म्हणून नानांना दर चैत्रात विचारायचे की हे तुम्ही का करता? एका वर्षी म्हणाले, "दूध वाढतं." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "पोरींची पोटं बघायची असत्यात, कोन खाऊ घालतंय, कोन नाय." तिसऱ्या वर्षी म्हणाले, "बाई, तुमी गणिताच्या. तुमीच सोडवा." हौसाताईंना विचारलं तर त्या पन्हं वाढायला उठून जात.

माझं स्वतःचं माहेर येवल्याचं. आई-वडील होते तोवर चैत्रात जायची. आता भावजय "चहा घेणार का?" असं विचारते, त्यातल्या 'का'वर जोर देऊन. त्यामुळे असेल, पण नानांच्या गोठ्यात त्या आठ दिवसांत जरा जास्तच रेंगाळायला लागले. द्राक्षाचे ट्रॅक्टर रस्त्याने जात असायचे, वरून विमान गेलं की नाना आभाळाकडे बघून "पोरी झोपल्यात रं!" म्हणून ओरडायचे, आणि त्या सासुरवाशिणी डोळे मिटून पडलेल्या असायच्या. अंगावर मूठभर मांस चढवूनच परत जायच्या.

नानांची एक गोष्ट मात्र कडक होती. खोटं खपत नसे. सिन्नरकडच्या एकाने सांगितलं होतं, गोठ्याला पत्रे आहेत. नाना न सांगता गेले, तर कालवड भर उन्हात बाभळीला बांधलेली. त्याच टेम्पोत ती परत आली. पुढे तो माणूस चार वेळा माफी मागायला आला, गावची मोठी माणसं मध्ये पडली, पण नाना त्याच्याशी आजतागायत बोललेले नाहीत. "चूक पोटात घालीन," ते म्हणतात. "खोटं बोलला की सोयरीक मोडली."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की यंदाच्या चैत्रात काय झालं ते नीट कळावं.

यंदा चांदणीचं येणं लांबत गेलं. बाकीच्या चौघी आल्या, खिळ्यावरची चार दावी उतरली, एक राहिलं. नाना रोज फोन लावत. अंबादास कधी म्हणे लग्नसराई आहे, कधी म्हणे टेम्पो मिळत नाही. "टेम्पो मी धाडतो की," नाना म्हणत. त्यावर तिकडून फोन कट. नानांचं जेवणावर लक्ष नाही, धार काढताना हात थांबलेला. शेवटी म्हणाले, "उद्या मीच जातो." अंबादासला तसं कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच टेम्पो घेऊन दारात हजर. मी किटली घेऊन नुकतीच पोचले होते.

चांदणीची एक सवय सगळ्या गल्लीला माहीत होती. टेम्पोतून उतरली की ती कुणाकडे न बघता सरळ लिंबाखालच्या तिसऱ्या खुंट्याशी जायची आणि तिथलं पालथं घमेलं कपाळाने ढकलून वाजवायची. ते वाजलं की हौसाताई आतून हरभरे घेऊन यायच्या. त्या दिवशीही त्या हरभरे घेऊन दारात उभ्या होत्या.

फळी टाकली. तांबडी गाय उतरली, कपाळावर पांढरा ठिपका, सगळं बरोबर. उतरली आणि फाटकातच उभी राहिली. एकदा लिंबाकडे बघितलं, एकदा विहिरीकडे, आणि भलत्या घरात आलेल्या पाहुण्यासारखी मान खाली घातली. घमेलं पालथंच राहिलं.

"प्रवासानं गांगरलीय," अंबादास घाईघाईने म्हणाला. "उन्हाचं लय झालं, नाना. रस्ता बी खराब. दोन दिवसांत येईल ठिकाणावर."

चांदणीचा ठिपका डावीकडे जरा ओघळलेला होता. हिचा अगदी मधोमध, कुणी बोटाने लावल्यासारखा. मला कळलं, तर नानांना कळायला काय वेळ लागणार! त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हातात खिळ्यावरून काढलेलं चांदणीचं दावं होतं, ते मुठीत आवळलं गेलं.

"अंबादास," ते म्हणाले. आवाज असा की बाकीच्या चौघींनी माना वर केल्या.

चाळिशीचा बाप्या, छडी खाणाऱ्या पोरासारखा हात मागे घेऊन उभा होता. मला वाटलं, मोडली सोयरीक.

तेवढ्यात हौसाताई मधून चालत पुढे गेल्या. त्यांनी हरभऱ्याची टोपली त्या गाईच्या तोंडाखाली धरली आणि नानांकडे न बघताच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. हिला तरी कोन बोलावतंय?"

नानांची मूठ सैल झाली. त्यांनी बायकोच्या पाठीकडे बघितलं. मग चांदणीचं दावं त्यांनी परत खिळ्याला टांगलं, आतून एक कोरं दावं आणलं आणि त्या गाईला लिंबाखाली बांधलं. अंबादासला म्हणाले, "आठव्या दिवशी न्यायला या, व्याही."

आठ दिवस त्या परक्या गाईचं माहेरपण झालं. पहिले दोन दिवस ती बुजली. तिसऱ्या दिवशी हौसाताईंनी मानेखाली खाजवलं, तर मान लांब करून उभी राहिली. चांदणीचं नाव कुणी काढलं नाही. फक्त एकदा सकाळी मी लवकर गेले, तेव्हा नाना त्या भिंतीपाशी उभे होते आणि खिळ्यावरच्या दाव्यावरून हात फिरवत होते. मी किटली वाजवली, मग त्यांनी हात काढला.

मला राहवेना. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी हौसाताईंबरोबर हरभरे निवडायला बसले आणि विचारलं, "तुम्ही तसं का म्हणालात?"

या वेळी त्या उठून गेल्या नाहीत.

"माझं आई-बाप मी लहान असतानाच गेलं, बाई. मामानं वाढवलं. लगीन करून दिलं आन् म्हनला, दिली ती दिली, आता मागं बघू नको. हितं आले. नाव बी हितंच बदललं. पयलं नाव हाक मारायला कोनी उरलंच नाय, तर काय करायचं त्याचं." त्यांनी एक किडका दाणा काढून फेकला. "पयला चैत आला. गल्लीतल्या समद्या सुना माहेरी गेल्या. कुनाचा भाऊ आला, कुनाचा बाप. मी आपली फाटकात उभी. सासू म्हनली, हिला कोन बोलावतंय?"

"मग?"

"मग काय. ह्यांनी ऐकलं. आईला उलट बोलले नाय. पन त्याच आठवड्यात ह्यांनी एक कालवड दिली होती पल्याडच्या गावात, ती आठ दिवसांसाठी मागून आनली. समदे हसले. मला म्हनले, तुला जायला घर नाय, तर कुनाला तरी यायला घर करू." त्यांनी निवडलेले हरभरे टोपलीत सारले. "तवापासून दर साली. लोक म्हनत्यात, ह्यांचं डोकं फिरलंय. म्हनू द्यात."

माझ्या हातातले हरभरे तसेच राहिले. इतकी वर्षं मी रीत विचारत होते आणि ती माझ्यासमोर पन्हं वाढत होती.

आठव्या दिवशी अंबादास आला. या वेळी तो टेम्पोतून उतरला आणि गाडीलाच टेकून रडायला लागला.

"नाना, चांदणी गेली. थंडीतच गेली. ओला घास जास्त खाल्ला, पोट फुगलं, डॉक्टर येईस्तोवर गेली. तुम्हाला कसं सांगू कळंना. तुम्ही रोज फोन करायला लागले. मी चार बाजार फिरलो, तसल्या ठिपक्याची गावली म्हणून..."

"ठिपका मधी हाय," नाना म्हणाले.

"हां."

"येडा हायेस." नाना त्याच्या जवळ गेले. "गेल्याचं सांगायचं असतं रं. सुतक धरलं असतं आमी. एकट्यानं कशाला रडत बसला इतके दिवस?"

मग दोघेही रडले. मी पदर डोळ्यांना लावला, तेही कबूल करते.

गाय टेम्पोत चढवली. कोरं दावं नानांनी सोडून घेतलं, भिंतीत एक नवा खिळा ठोकला आणि चांदणीच्या दाव्याशेजारी ते टांगलं. मग विचारलं, "हिचं नाव काय ठेवलं?"

अंबादास ओशाळला. "नाव नाय ठेवलं. घरी समदे 'ती नवी' म्हणत्यात."

"आठ दिवस माहेरी ऱ्हायली, आन् बिननावाची धाडू?" नाना हौसाताईंकडे वळले. "तू सांग."

हौसाताई फाटकाशी उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "पारू म्हना."

नानांनी त्यांच्याकडे बघितलं. टेम्पोच्या फळीवर हात ठेवून त्यांनी मोठ्याने हाक मारली, "पारू! नीट ऱ्हा सासरी. पुढच्या चैत्राला ये."

गाईने कान हलवला. आणि मागून, फाटकापासून, बारीक आवाज आला, "ओ."

हौसाताईंच्या तोंडून तो आपसूक गेला होता. त्यांनी पटकन तोंडावर पदर धरला. नाना मागे वळले नाहीत. टेम्पो निघाला, मळ्याच्या कोपऱ्यावर वळला, द्राक्षांच्या ट्रॅक्टरमागे दिसेनासा झाला. माझी किटली अजून रिकामी होती, पण दूध मागायची ही वेळ नव्हती.

रस्ता मोकळा झाला, धूळ खाली बसली. नाना तसेच रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मग त्यांनी पुन्हा एकदा हाक मारली, "पारू."

गाय तर केव्हाच गेली होती.